पाटीकाकांचं थोरलीशी भांडण

पाटीकाकांना थोरलीशी भांडण काढायचं नव्हतं. भांडण तिनं काढलं.

थोरली म्हणजे घरातली सासू किंवा जाऊ असं कुणी नव्हतं. ती कॉम्प्युटरची एक भाषा होती. कारखान्यांची यंत्रं चालवणं, विमानं उतरवणं, असली मोठाली कामं करायची तिला सवय. पाटीकाकांना तिच्याकडून हवं होतं एवढंच, की एका रस्त्यावरून चार माणसं चालवून दाखव. पण मोठ्या घरच्या माणसाला लहान काम सांगितलं की ते आधी कपाळाला आठ्या घालतं. थोरलीनंही घातल्या.

काकांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या, म्हणून ते पाटीकाका. पुढं छापील पाट्या आल्या आणि काकांचे ब्रश डब्यात वाळून लाकूड झाले. तेव्हा काकूंनी वाचनालयातल्या ज्येष्ठांच्या कॉम्प्युटर वर्गात दोघांची नावं परस्पर घालून टाकली. काका आठवडाभर रुसले आणि मग गेले. तिथं चित्रं काढायची एक सोपी भाषा शिकवत. ती गरीब होती. 'गोल काढ' म्हटलं की गोल काढायची, 'हिरवा' म्हटलं की हिरवा. तिला पुढं धाकटी हे नाव पडलं, ते थोरली घरात आल्यावर.

धाकटीच्या मदतीनं दोघांनी मिळून एक चित्र केलं. त्याचं नाव 'रस्ता'. रंग काकांचे, माणसांची चाल काकूंची. काकू खिडकीत बसून खालून जाणारी माणसं बघत आणि त्यांची चाल आकड्यांत उतरवत. डावीकडून माणसं येत, उजवीकडं निघून जात, पुन्हा दुसरी येत. कुणाच्या मागून कोण येईल याचा नेम नसे. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर पोट पुढं आणि स्वतः मागं असे जात. वरच्या मजल्यावरच्या मावशींना त्यांचा कुत्रा ओढत नेई. इमारतीचे सेक्रेटरी हात मागं बांधून, जागोजाग चुका शोधत, पाऊण पाऊण पाऊल टाकत जात. आणि कापडी पिशवी घेतलेली एक बाई येई. रस्त्याच्या मधोमध ती थांबे, पिशवीत डोकावे, काहीतरी विसरल्यासारखी मान हलवी आणि पुढं जाई. त्या काकू.

वाचनालयाच्या पुढच्या दालनात मोठ्या पडद्यावर हे चित्र कायम चालू असे. काकू गेल्या त्याला वर्ष होत आलं होतं. काका रोज संध्याकाळी तिथं वर्तमानपत्र वाचायला जात. वर्तमानपत्र उलटं धरलेलं असलं तरी त्यांना कुणी सांगत नसे.

एके दिवशी ग्रंथपाल त्यांच्या शेजारी येऊन बसले. माणूस सज्जन. वाईट बातमी सांगायची असली की आधी चष्मा पुसायचे. त्यांनी चष्मा पुसला.

"काका, दालनाचं नूतनीकरण होतंय. नवीन मशीन आलंय वरच्या कार्यालयाकडून."

"छान झालं."

"त्याच्यावर तुमची ती सोपी भाषा चालत नाही. बंदच केली म्हणे सगळीकडं. आता ती मोठी भाषा चालते फक्त."

"म्हणजे?"

ग्रंथपालांनी चष्मा पुन्हा पुसला. "म्हणजे उद्‌घाटनापर्यंत चित्र नव्या भाषेत आलं तर राहील. नाहीतर पडद्यावर सूचना लावायच्या असं वरून आलंय. 'शांतता राखा' वगैरे."

काकांनी पडद्याकडं पाहिलं. पिशवीवाली बाई मधोमध थांबली होती.

"येईल," काका म्हणाले.

"कोण?"

"चित्र. नव्या भाषेत. मी आणतो."

घरी जाऊन त्यांनी लेकीला फोन लावला. लेक दुसऱ्या शहरात, तिचं कामच या थोरलीशी. काकांना वाटलं, लेकीला आनंद होईल.

"बाबा, ती भाषा शिकायला आमच्याकडं इंजिनिअर झालेली पोरं रडतात," लेक म्हणाली. "तुम्ही असं करा, चित्र चालू असताना त्याचं शूटिंग करून घ्या. तेच फिरवून फिरवून लावू देत."

"म्हणजे दर वेळी तेच? डॉक्टरांच्या मागून कायम मावशीच?"

"कुणाच्या लक्षात येणारे?"

"तुझ्या आईच्या आलं असतं."

लेकीनं ते चित्र आई गेल्यापासून एकदाही पाहिलं नव्हतं. गावी आली की ती वाचनालयाचा रस्ता टाळून जाई. काकांना ते माहीत होतं आणि त्यांना ते माहीत आहे हे लेकीला माहीत होतं, त्यामुळं त्यावर बोलायची गरज पडली नव्हती.

"बरं, तू करून देतेस का?" काकांनी विचारलं.

"नाही हो बाबा. मला आईच्या त्या ओळी वाचवणार नाहीत. रागावू नका."

"रागावत नाही. मी करतो."

दुसऱ्या दिवशी काकांनी वाचनालयातून थोरलीचं पुस्तक काढलं. पुस्तक कसलं, उशी होती. खिडकीवरच्या बाईंनी शिक्का मारता मारता कौतुकानं विचारलं, "नातवासाठी का?"

"नातू नाही," काका म्हणाले, "आणि असता तरी त्याला झेपलं नसतं."

मग सुरू झालं. धाकटीला 'माणूस चालव' म्हटलं की ती चालवायची. थोरली विचारी, कोणता माणूस? आधी ओळख करून दिली होती का? याचं वजन, उंची, पाऊल, सगळं पूर्ण आकड्यात की अपूर्णांकात? काका एक ओळ लिहून शेवटचं चिन्ह विसरले, तर तिनं त्या एका चुकीवरून पानभर तक्रारी काढल्या आणि त्यातली एकही त्या चिन्हाबद्दल नव्हती. काका जन्मभर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकत आले होते. पण पाटीवरचं एक टिंब राहिलं म्हणून अख्ख्या दुकानाला आग लागल्याची वर्दी देणारं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं.

काका नवी भाषा शिकतायत ही बातमी इमारतीत पसरली आणि सल्ले जिना चढून वर येऊ लागले.

सर्वांत आधी दातांचे डॉक्टर आले. "काका, तुमची जिद्द म्हणजे कमाल आहे," म्हणत ते खुर्चीत बसले. खुर्चीनं आवाज केला. "आता नव्यानं करताय तर एक सुचवू का? पोट."

"कुणाचं?"

"माझं. चित्रातलं. मी आता चालायला जातो रोज. थोडं आत घ्या. पेशंट बघतात हो."

"ते तुमच्या वहिनींनी काढलंय. मी हात लावणार नाही."

"वहिनींनी काढलं तेव्हा तेवढं होतं. आता कमी झालंय."

काकांनी पोटाकडं पाहिलं, मग खुर्चीकडं पाहिलं. डॉक्टरांना ते पोचलं नाही.

मग मावशी आल्या. त्यांच्या कुत्र्याला चित्रात शेपूट आखूड आहे ही तक्रार जुनीच होती. शिवाय त्यांचं म्हणणं, कुत्रा मला ओढत नाही, मीच त्याला नेते. "तुम्ही चित्र उलटं बघताय," मावशी म्हणाल्या. हे बोलत असताना कुत्र्यानं त्यांना जिन्यातून खाली नेलं, त्यामुळं चर्चा अर्धवट राहिली.

सेक्रेटरी मात्र वेगळ्या कारणानं आले. काकांनी तोवर पहिला रस्ता उभा केला होता. अभिमानानं त्यांनी सेक्रेटरींना तो दाखवला. डॉक्टर गेले. मावशी गेल्या. सेक्रेटरी आले आणि रस्त्याच्या टोकालाच उभे राहिले. हलेचनात. हात मागं बांधलेले, मान खाली, आणि सगळं गाव त्यांच्या अंगातून आरपार चाललेलं.

"हा काय प्रकार?" सेक्रेटरी म्हणाले.

"थांबा हं, काहीतरी गडबड आहे."

"गडबड नाही, ही बदनामी आहे! मी काही काम करत नाही असं दाखवायचंय ना तुम्हाला? टाकी साफ करायची राहिली म्हणून?"

काकांना उत्तर सापडायला दोन दिवस लागले. पावलं त्यांनी पूर्ण आकड्यांत लिहिली होती. बाकीच्यांची पावलं दीड-दोनची, त्यांचा थोडा तोटा झाला पण ते चालले. सेक्रेटरींचं पाऊल पाऊण. थोरलीनं अपूर्णांक कापून टाकला आणि पाऊण पावलाचं शून्य पाऊल झालं. काकांनी चूक दुरुस्त केली. खरं तर त्यांना ती करवत नव्हती, कारण इतकं हुबेहूब चित्र त्यांच्या हातून आयुष्यात उतरलं नव्हतं.

एवढ्यात कार्यालयानं तोंड उघडलं. वाचनालयाला कुणाही सोम्यागोम्याकडून चित्र घेता येत नाही, नोंदणीकृत पुरवठादारच लागतो. पण काकांच्या जुन्या दुकानाची नोंदणी अजून जिवंत होती. व्यवसाय : पाट्या रंगवणे. ग्रंथपालांनी चष्मा पुसून नोंद केली, 'भिंतीवरील पाटी, हलणारी, एक नग.' यावर कुणी आक्षेप घेतला नाही. फक्त पुढच्या आठवड्यात कार्यालयाचा एक माणूस दालनात येऊन पडद्यावर बोट घासून गेला. रंग वाळला आहे की नाही हे बघणं त्याच्या कामात होतं. वाळला आहे असं त्यानं लिहून दिलं. काकांना मनातून बरं वाटलं. त्यांच्या कामाची इतकी रीतसर तपासणी पूर्वी कधी झाली नव्हती.

आणि मग पुस्तकातलं ते प्रकरण आलं.

धाकटी भाषा माणसं कुठून आणायची आणि रस्ता ओलांडून गेल्यावर त्यांचं काय करायची, हे काकांनी कधी विचारलं नव्हतं. ती आपलं आपण बघायची. थोरलीचं तसं नाही. प्रत्येक माणूस उभा करताना तिच्याकडं जागा मागायची. माणूस पडद्याबाहेर गेला की ती जागा परत करायची, आणि परत करायची म्हणजे त्या माणसापुढं 'डिलीट' असं लिहायचं. नाही लिहिलं तर गेलेला माणूसही जागा अडवून बसतो. पुस्तकात हे ठळक अक्षरात होतं.

काकांनी लिहायला घेतलं. सेक्रेटरी, डिलीट. हे त्यांनी एका दमात लिहिलं. डॉक्टर, डिलीट. मावशी, डिलीट, आणि कुत्र्याला वेगळी ओळ. मग पिशवीवाली बाई आली.

काकांनी नाव लिहिलं. पुढचा शब्द लिहिला नाही. उठून चहा केला, प्यायला, कप विसळला. त्याच्या शेजारचा काकूंचा कपही विसळून ठेवला, तो वापरलेला नसताना. मग लेकीला फोन केला.

"समजा एखाद्याला डिलीट नाही केलं तर?"

"कुणाला?"

"असंच. एखाद्याला."

"बाबा, डिलीट म्हणजे माणूस पुसणं नाही. मशीनची जागा परत देणं. खोली रिकामी करून किल्ली देतो ना, तसं."

"कळतं मला. मी काही अडाणी नाही."

"मग लिहा की."

"बघतो," काका म्हणाले आणि त्यांनी लिहिलं नाही. घरातली खोलीसुद्धा त्यांनी रिकामी केली नव्हती. काकूंचं कपाट रिकामं करा असे लोकांचे सल्ले येऊन येऊन वर्ष होत आलं होतं आणि कपाट होतं तसं होतं. जे माणसांना जमलं नाही ते एका भाषेला जमू देण्याइतके काका मऊ नव्हते. चित्र चालवून पाहिलं, उत्तम चाललं. एक बाई बाहेर राहिली तर एवढ्या मोठ्या मशीनचं काय जातंय, असा त्यांनी विचार केला. चूक झाली ती इथं.

उद्‌घाटनाला वरच्या कार्यालयाचे साहेब आले. अख्खी इमारत आली. डॉक्टर कोट घालून आले, बटण लावून. आणि अगदी शेवटी, भाषण सुरू झाल्यावर, दारातून लेक आत आली. येते म्हणून तिनं सांगितलं नव्हतं. पडद्याकडं पाठ करून ती भिंतीशी उभी राहिली.

चित्र सकाळपासून चालू होतं. साहेबांचं भाषण लांबत गेलं. काकांच्या लक्षात आलं, माणसं सावकाश चालतायत. मावशींचा कुत्रा दर पावलाला विचार करत होता. सेक्रेटरी तर सेक्रेटरीच, पण आता डॉक्टरही सेक्रेटरींसारखे चालू लागले. "आधुनिक तंत्रज्ञानाच्या वेगानं आपण..." असं साहेब म्हणाले आणि डॉक्टरांचा उचललेला पाय हवेत राहिला तो राहिलाच.

पडदा गोठला. पाठोपाठ खिडकीवरच्या बाई ओरडल्या, "अहो, पुस्तकं देता येईनात!" पुस्तकांची नोंदसुद्धा त्याच मशीनवर होती. लोकांची रांग दारापर्यंत गेली.

"मला आधीच शंका होती," सेक्रेटरी म्हणाले.

"निदान पाय तरी खाली घ्या हो!" डॉक्टर म्हणाले.

साहेबांनी काकांकडं असं पाहिलं, जसं पाटीवर दुकानाचं नाव चुकल्यावर मालक पाहतो. काकांचे कान तापले. आयुष्यात त्यांची एक पाटी भिंतीवरून पडली नव्हती.

गर्दीतून लेक पुढं आली. कुणाला काही न विचारता मशीनपाशी बसली. आईच्या ओळी आता तिच्यासमोर होत्या. ती वाचत गेली, मधेच थांबली, पुन्हा वाचली. मग मशीनला तिनं एकच प्रश्न विचारला, आत्ता तुझ्यात माणसं किती? उत्तर आलं. तिनं ते पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "सगळ्यांना लिहिलंत. आईला नाही."

"नाही लिहिलं."

"अहो, आई दर थोड्या वेळानं नवीन बनते. जुनी बाहेर तशीच उभी. त्या कडेला, पडद्याच्या पलीकडं, हजारो आया उभ्या आहेत पिशव्या घेऊन." आणि ती हसू लागली. हसता हसता डोळे पुसू लागली. "एक होती तर माझी घरात तोंड उघडायची टाप नव्हती. हजारो झाल्यावर मशीन काय करणार!"

काकाही हसले. आणि दालनभर लोक बघत असताना दोघं बापलेक डोळे पुसत बसले. साहेबांनी दोनदा खाकरून पाहिलं.

"दोष एकाच आकृतीत आहे ना?" साहेब म्हणाले. "मग ती बाई काढून टाका. बाकी चित्र चांगलं आहे, चालू ठेवा."

"बाबा, एक ओळ आहे," लेक हळूच म्हणाली. "मी लिहू का?"

"नको," काका म्हणाले. मग साहेबांकडं वळले. "ती निघणार नाही. तिला काढायचं असलं तर चित्र उतरवा आणि तुमचं 'शांतता राखा' लावा. पण लोक वाचून शांत बसतील अशी पाटी मी आजवर पाहिलेली नाही, आणि मी पाट्यांत आयुष्य घालवलंय."

दालनात खरोखरच शांतता झाली. ग्रंथपालांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "साहेब, नोंदीत 'एक नग' आहे," ते म्हणाले. "नगाचा तुकडा काढता येत नाही. नियम आहे."

साहेबांना नियम म्हटल्यावर बसावं लागलं.

काका लेकीशेजारी खुर्ची ओढून बसले. गोठलेल्या पडद्याच्या उजव्या कडेकडं त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"काय गं, ही जाते कुठं पिशवी घेऊन?"

"बाजारात. भाजी आणायला."

"मग परत का येत नाही? पिशवी घेऊन गेलेलं माणूस घरी यायला नको?"

लेकीनं कीबोर्ड जवळ ओढला.

"दर वेळी नवीन कशाला बनवायची?" काका म्हणाले. "रस्ता सुरू व्हायच्या आधी एकदाच बनव. उजवीकडं गेली की फिरव. भरलेली पिशवी घेऊन येऊ दे डावीकडं. पुन्हा रिकामी घेऊन जाऊ दे. मागायची एकदाच. परत द्यायचा प्रश्नच नाही."

"बाबा, हे चालेल," लेक म्हणाली. "आमच्याकडंसुद्धा करतात असं."

"तुमच्याकडं करत असतील. मी तुझ्या आईचं सांगतोय."

पिशवी भरलेली कशी दिसेल हे काकांनी रंगवलं. जड पिशवीनं खांदा किती झुकेल, तो आकडा लेकीनं घातला. तो तिला शोधावा लागला नाही. मशीन पुन्हा सुरू झालं, पुस्तकं मिळू लागली, डॉक्टरांचा पाय खाली आला. बाई उजवीकडं गेली. सगळं दालन कडेकडं बघत थांबलं. आणि साऱ्या रस्त्याच्या उलट्या दिशेनं, एक खांदा झुकवून, ती परत आली. मधोमध थांबली, पिशवीत डोकावली. या वेळी मान हलवली नाही.

लेक भिंतीकडं वळली नाही.

"म्हणजे वहिनी जाऊन परत येणार," सेक्रेटरी म्हणाले, "आणि आम्हाला दर वेळी डिलीट? हा काय न्याय झाला?"

"टाकी साफ करा," काका म्हणाले, "मग विचार करू."

अजून एक गोष्ट राहिली. संध्याकाळी वाचनालय बंद होताना मशीनही बंद होतं, आणि थोरली दिवसभराचा हिशेब तपासून पडद्यावर शेवटची तक्रार करते, की एका माणसाची जागा घेतली होती, ती परत मिळालेली नाही. ग्रंथपाल म्हणाले, काका, एवढी तक्रार घालवता येईल का? लेक म्हणाली, बंद होतानाची एक ओळ आहे बाबा, कुणाला दिसणारसुद्धा नाही. काका नाही म्हणाले.

आता ते वर्तमानपत्र सरळ धरून वाचतात. दिवे मालवायची वेळ झाली की घडी घालून ठेवतात आणि पडद्यासमोर उभे राहतात. तक्रार येते. काका ती पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचतात, कारण गिऱ्हाइकाचं म्हणणं पूर्ण ऐकून घ्यायची त्यांना सवय आहे.

"नाही देणार," काका म्हणतात, आणि पिशवी उचलून भाजी घ्यायला निघतात.